विहिरीचा शब्द, पेटीचा शब्द

‘सगळ्या कुलपांना एकच शब्द. का, ते विचारायचं नाही.’ डोंगरापलीकडे घोंगडी विणणाऱ्यांचं एक गाव होतं. तिथे पोर बोलायला लागलं की आधी हा नियम शिकवत. त्या गावातली कुलपं किल्लीने उघडत नसत. कुलपाशी तोंड नेऊन शब्द म्हणायचा. विहिरीचं झाकण, गोठा, घर, पेटी, सगळ्यांचा शब्द एकच: करवंद.

त्या गावात एक मुलगी एकटी राहत होती. आई वारली तेव्हा मागावर घोंगडं अर्धंच विणून झालं होतं. मुलीने ते उतरवून पेटीत ठेवलं, उभ्या धाग्यांतून आडवा धागा नेणारा, आईच्या हातातला लाकडी धोटाही त्यातच ठेवला. रोज संध्याकाळी ती पेटी उघडायची, लोकरीत तोंड खुपसून बसायची आणि पेटी लावायची. घरात बोलायला दुसरं कोणी नव्हतं.

एकदा तिने गावच्या म्हाताऱ्या पंचांना विचारलं, “आबा, पेटीला निराळा शब्द ठेवला तर?”

“आणि विसरलीस म्हणजे? आम्हाला एक शब्द ध्यानात ठेवताना नाकी नऊ येतात. चार बुकं शिकलीस म्हणून गावाला शिकवू नकोस.”

तिने पेटीचा शब्द करवंदच राहू दिला.

त्या वर्षी लोकरीचा एक व्यापारी दोन दिवस विहिरीजवळ उतरला. विहीर दिवसातून पन्नासदा उघडायची. प्रत्येक बाई काखेत घागर घेऊन झाकणापाशी मोठ्याने म्हणायची, करवंद. तिसऱ्या दिवशी सारं गाव मेंढ्यांची लोकर कातरायला नदीवर गेलं. परत आलं तेव्हा व्यापारी नव्हता आणि घरोघरच्या पेट्या उघड्या होत्या. एकही कुलूप तुटलेलं नव्हतं.

मुलीची पेटी रिकामी होती. धोटा तेवढा जमिनीवर पडला होता.

गाव पारावर जमलं. “शब्द बदलू,” आबा म्हणाले. “आजपासून आवळा. सगळ्या कुलपांना.”

“विहिरीला चालेल,” मुलगी म्हणाली. “गोठ्यालाही. तिथे रोजची घाई, सोपाच शब्द हवा. माझ्या पेटीला नाही.”

“असं काय ठेवणार आहेस गं त्यात?” एक आत्या म्हणाली. “लाकडाचा तुकडा तर उरलाय.”

“तेवढाच उरलाय, आत्या.”

“बरं, निराळा ठेव,” आबा म्हणाले. “पण आम्हाला सांगून ठेव. उद्या विसरलीस तर?”

“विसरले तर पेटी फोडीन. माझीच आहे. पण शब्द सांगणार नाही.” मग तिने हळूच विचारलं, “आबा, तुमच्या पेटीत काय होतं?”

आबांनी उपरण्याने डोळे पुसले. मुलगी धोटा पदरात घेऊन घरी गेली.

तात्पर्य एवढंच: रोज उघडायच्या झाकणाला सोपा शब्द असू द्या, पण जे गेलं की परत मिळत नाही, त्याचा शब्द वेगळा ठेवा आणि आपल्यापाशीच ठेवा, मग ती पेटी लाकडाची असो की फोनमधली.