मुठीतली तलवार

लहानपणी मी शिंगाचा आवाज ऐकला होता. जत्रेत कुणीतरी पितळेचं शिंग फुंकलं आणि माझे पाय आपोआप तिकडे धावले. आजोबांनी मला मनगटाला धरून थांबवलं. म्हणाले, "शिंग वाजलं की धावणं सोपं असतं. बस इथं. न धावलेल्या माणसाची गोष्ट ऐक."

तीच गोष्ट तुम्हाला सांगतो. सांगताना मला अजून राग येतो, तेवढा सांभाळून घ्या.

फार फार पूर्वी डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावाची श्रीमंती म्हणजे गाईगुरं. ती पळवायला अधूनमधून घोडेस्वार येत. मग वेशीवर शिंग वाजे. बायका-पोरं डोंगरातल्या गुहेत जात आणि पुरुष तलवारी घेऊन वेशीकडे धावत. जो लढताना पडे, त्याच्या नावाने गाव वीरगळ उभा करी. म्हणजे एक उभा दगड. त्यावर खाली लढाई कोरलेली, वर स्वर्गात बसलेला तोच माणूस. सणासुदीला त्या दगडांपुढे दिवा लागे.

त्या गावात एक माणूस होता. एकदा शिंग वाजलं आणि तो गेला नाही. त्या लढाईत गावातली काही चांगली माणसं पडली. दुसऱ्या दिवशी लोक परतले, तर हा उंबऱ्यावर बसलेला आणि आत बायकोच्या कुशीत नुकतं जन्मलेलं पोर.

"काल कुठं होतास रे?" लोकांनी विचारलं.

"घरात होतो."

"आणि हे पोर?"

"आज उजाडताना झालं."

"मग काल काय धाड भरली होती तुला?"

त्याने खाली पाहिलं. "भीती वाटली," तो म्हणाला.

झालं! त्या एका शब्दावर गावाने त्याला जन्मभर भाजून खाल्लं. दर संक्रांतीला कुणीतरी त्याच्या उंबऱ्यावर बांगड्या ठेवून जाई. तो त्या उचलून बायकोच्या हातात भरी आणि म्हणे, "बघ, गाव किती मायाळू! कासाराकडची पायपीट वाचली."

ती हसत नसे.

बाळंतपणात तिची कंबर धरली, ती कायमचीच. तिला वाकता येत नव्हतं. मग नदीवरून तोच डोक्यावर घागर आणी. चूल तोच सारवी. वाटेत बाया तोंडाला पदर लावून हसत, पुरुष पदराशिवाय हसत. पुढे मुलीही झाल्या. त्यांची आजारपणं त्याने मांडीवर काढली. मुलींच्या मुली झाल्या, मुलाच्या झाल्या, तेव्हा तो त्यांच्या वेण्या घालायला शिकला. सगळ्या नाती सकाळी ओळीने बसत. कुणाचा केस ओढला गेला, तर तोच आधी "आई गं!" म्हणून ओरडे, आणि सगळ्या पोरी खिदळत.

मुलाला मात्र हे हसू कधी आलं नाही. लहानपणी पोरं त्याला "भित्र्याचा" म्हणत. त्या एका हाकेपायी तो तलवार शिकला, आणि इतकी शिकला की गावाच्या राखणदारांचा नाईक झाला. बाप त्याच्या सुजलेल्या मनगटाला तेल चोळी. मुलगा चोळून घेई. पण चावडीवर तो बापाशेजारी कधी बसला नाही.

एका सकाळी नातीची वेणी घालता घालता म्हातारा मागे भिंतीला टेकला. एक वेणी झाली होती. दुसरी राहिली.

नाईकाने पाथरवटाला बोलावलं. "माझ्या बापाचा वीरगळ कर," तो म्हणाला. "हातात तलवार दे. खाली घोडाही दे."

नाईकाला नाही कोण म्हणणार? दगड तयार झाला. वेशीवर उभा राहिला. ज्यांनी उंबऱ्यावर बांगड्या ठेवल्या होत्या, तेच आता फुलं घेऊन आले. शेजारचा एक म्हातारा तर डोळे पुसत म्हणाला, "काय तलवार चालवायचा हो! मी या डोळ्यांनी पाहिलंय."

"कधी पाहिलंस रे मेल्या?"

सगळे वळले. काठी टेकत म्हातारी येत होती. जो गेला, त्याची बायको.

"तू तर मागे एका धाडीत लुगडं नेसून आम्हा बायकांबरोबर गुहेत बसला होतास," ती म्हणाली. "माझंच लुगडं होतं ते, वलणीवरून ओढून नेलेलं. अजून परत दिलं नाहीस."

लोक हसले. तिने एकेकाकडे पाहिलं आणि हसू विझलं.

नाईक पुढे झाला. "आई, घरी चल. चारचौघांत नको."

"चारचौघांतच बोलायचंय. हा दगडावरचा कोण?"

"आबा."

"हे तुझे आबा? अरे, घोडं फुरफुरलं तरी त्यांच्या हातातली घागर पडायची!"

"आई, मी त्यांचं नाव धुऊन काढतोय."

"मळलं होतं कशानं? सांग ना, नाईक आहेस."

मुलगा आईजवळ सरकला. मग हळूच म्हणाला, "शिंग वाजलं, तरी ते गेले नाहीत."

म्हातारीने काठी जमिनीवर आपटली.

"आयुष्यभर मी त्यांना दिलेला शब्द पाळला," ती म्हणाली. "आज मोडते. ऐक. शिंग वाजलं तेव्हा तू अर्धा बाहेर होतास. पायाळू. सुईण सगळ्यांबरोबर गुहेत गेलेली. मला हलता येईना. शिंग वाजतच होतं. ते ऐकत होते, दातओठ खात होते, रडत होते. पण एका हाताने त्यांनी माझा हात धरला होता आणि दुसऱ्या हाताने तुला झेललं. तू लढाई चालू असतानाच जन्मलास. उजाडताना नाही."

"मग खोटं का सांगितलं त्यांनी?"

"घराघरांत रडारड होती तेव्हा. ते म्हणाले, 'खरं कळलं तर लोक म्हणतील, या पोरापायी एक तलवार कमी पडली आणि आमची माणसं गेली. पोर जन्मभर ते ओझं वाहील. त्यापेक्षा मी भित्रा बरा.' आणि तू काय केलंस? ज्या हाताने माझा हात धरला, त्याच हातात तलवार दिलीस! गाव त्यांना भित्रा म्हणालं, ते मी गिळलं. पण तूही त्यांना भित्राच समजलास. म्हणून तर हा दगड कोरलास. पूस तो!"

पाथरवट घाबरत म्हणाला, "आजी, कोरलेला दगड पुसता येत नाही. फोडता येतो."

नाईकाने त्याच्या हातातून छिन्नी आणि हातोडा घेतला. तो गुडघ्यावर बसला आणि तलवारीवर घाव घालू लागला. तलवार चालवणारं मनगट ते, पण छिन्नी सारखी निसटत होती. कपचे उडत होते, त्याच्याच तोंडावर बसत होते. कुणी मदतीला गेलं नाही. शेवटी तलवार गेली. मूठ तेवढी राहिली. आणि ती रिकामी मूठ कुणाचा तरी हात धरून ठेवल्यासारखी दिसू लागली.

पुढे त्या गावात रीत पडली. घरात बायको अडलेली असेल, तर शिंग त्या घरच्या पुरुषासाठी वाजत नाही. उलट गावच त्याच्या दारावर पहारा देतं. म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: माणूस जसा जगला तसाच आठवावा, त्याला खोटा मोठेपणा चिकटवणं म्हणजे त्याचा खरा मोठेपणा पुरून टाकणं.

पण ही रीत पडायला वेळ लागला. त्या दिवशी नाईक धुळीने माखलेलं तोंड वर करून एवढंच म्हणाला, "आई, आता?"

म्हातारीने दगडाच्या त्या मुठीवर आपला हात ठेवला. थोडा वेळ तसाच राहू दिला. मग काढून घेतला. मुलाकडे एकदा पाहिलं, काठी उचलली आणि ती घराकडे चालू लागली.