पागोट्यातल्या मोहरा

एक होता राजा. राज्य एवढंसं, पण राजाचा संशय भला मोठा. आमटीत मीठ जास्त पडलं तरी त्याला वाटायचं, यात कुणाचा तरी डाव आहे. पोपट राम राम म्हणाला, की हा विचारायचा, तुला कुणी शिकवलं? निजायचासुद्धा एक डोळा उघडा ठेवून. निजायचा कसला, नुसता पडून राहायचा बिचारा.

त्याला एकुलती एक लेक, शेवंता. एकदा काय झालं, शेवंता म्हणाली, मला समुद्र बघायचाय. राजा आधी नकोच म्हणाला. पण लेकही बापासारखीच हट्टी. मग त्यानं वाटखर्चीला मोहरांची पिशवी दिली आणि बजावलं, "जन्मभर टिकेल असं काहीतरी आण. नाहीतर पुन्हा वेस ओलांडायची नाही."

आता त्या गावाची एक रीत होती, बरं का. परगावाहून कुणी आलं, की वेशीतच गाठोडं सोडायचं. काय आणलं ते चारचौघांनी बघायचं. मगच पायावर पाणी, मगच घरात पाऊल.

मग एक दिवस शेवंता आली. उन्हानं रापलेली, पण गालात हसत होती. गाठोडं सोडलं, तर आत एक विटकं लुगडं आणि वाळका भाकरतुकडा. मोहरांची पिशवी रिकामी. बायका पदराआड कुजबुजायला लागल्या.

शेवंता म्हणाली, "आबा, तीन वस्तू आणल्यात. पण त्या गाठोड्यात मावत नाहीत."

मग तिनं सांगितलं. नदीवरच्या नावाडिणीकडून पोहणं शिकले, डोंगरातल्या धनगराकडून पाखरांची बोली शिकले आणि समुद्रकाठच्या कोळणीकडून एक गोष्ट घेतली. राजा मनात म्हणाला, कुठंतरी पाणी मुरतंय. माझ्या भोळ्या पोरीला कुणीतरी लुबाडलंय, नाहीतर पोरगीच मला फसवतेय. त्यानं तिला वेशीवरच्या चौकीत बसवलं आणि छडा लावायला स्वतःच निघाला. दुसऱ्या कुणाला पाठवणार? भरवसा कुणावर होता? आपल्या मोहरा त्यानं पागोट्यात शिवून घेतल्या आणि पागोट्याची गाठ हनुवटीखाली मारली. घरी ठेवल्या आणि कुणी नेल्या तर?

आधी गेला नावाडिणीकडे. मोहरा घेतल्यास का? हो, घेतल्या. मग काय दिलंस ते दाखव. नावाडीण म्हणाली, ते पोरीच्या अंगात गेलं, मी कुठून दाखवू? राजानं ओळखलं, ही चोर.

मग गेला धनगराकडे. पाखरं बोलतात तर मला कसं ऐकू येत नाही? धनगर म्हणाला, "पावणं, तुम्ही ऐकता कुठं? तुम्ही नुसती चौकशी करता." राजानं ओळखलं, हाही चोर.

मग गेला समुद्रावर. कोळीण मासळी वाळत घालत होती. ती गोष्ट मला सांग म्हटलं, तर तिनं मानच हलवली. ती मी पोरीला देऊन टाकली, आता तिच्याकडूनच ऐका म्हणाली. ही तर चोरांची राणीच!

राजा तणतणत परत फिरला. येतो तर काय, डोंगरात पाऊस झालेला आणि नदी फुगलेली. पलीकडे आपलीच वेस दिसत होती. नावाडिणीनं हाक मारली, या, सोडते पलीकडे. राजा म्हणाला, हिचा डोळा माझ्या पागोट्यावर. मधोमध नेऊन बुडवेल. मग झुडपाआड गेला आणि एकटाच शिरला पाण्यात. पाय घसरला. पागोटं मोहरांनी जड, त्यानं डोकं खालीच ओढलं.

काठावर टिटवी ओरडली. गावाला वाटलं, टिटवीच ती, ओरडायचीच. पण शेवंताला कळलं. माणूस बुडतोय, माणूस बुडतोय, असं टिटवी म्हणत होती. शेवंता चौकीतून धावत सुटली, तिनं पाण्यात उडी घेतली आणि बापाचा हात धरला.

"आबा, पागोटं सोडा."

राजाच्या नाकातोंडात पाणी. तरी मनात आलंच, म्हणजे हीसुद्धा मोहरांवर टपलीय? त्यानं गाठ घट्ट धरली. दोघं खाली गेली. वर आली, पुन्हा खाली गेली. पण शेवंतानं काही हात सोडला नाही. राजानं पाहिलं, आपल्यापायी पोर बुडतेय. चोर कधी असा बरोबर बुडतो का? त्यानं गाठ सोडली. पागोटं गेलं तळाला. मग शेवंतानं त्याला वर ओढलं, तोवर नावाडीण नाव घेऊन आलीच.

घरी आणून घोंगडीत गुंडाळला, तरी राजा थरथरतच होता. आणि सवयीनं एक डोळा उघडा. मग शेवंता उशाशी बसली आणि कोळणीची गोष्ट सांगू लागली. कुठली म्हणता? ते मला काय ठाऊक, ती शेवंताची. निम्म्यात राजाला काहीतरी संशय आला. विचारायला तोंड उघडलं आणि त्या उघड्या तोंडानंच तो झोपला. दोन्ही डोळे मिटून! घोरणं पार वेशीपर्यंत ऐकू गेलं.

तेव्हापासून त्या गावात कुणी गाठोडं सोडत नाही. आधी पायावर पाणी घालतात आणि मग विचारतात, काय शिकलास, काय ऐकलंस? शेवंताला मनात येईल तेव्हा वाटखर्ची मिळाली. राजा सुखानं निजला, शेवंता सुखानं हिंडली.

आणि काय रे लबाडा, तुझा एक डोळा अजून उघडा कशाला? मीट बघू तोही.