पहिल्या फेरीचं माणूस

त्या दिवशी वारं पडलं होतं.

आंबेघोलीच्या सड्यावर, त्या उघड्या पठारावर, वारं पडणं ही वर्षातनं एखाद्या वेळची गोष्ट. एरवी माघात इथं डोक्यावरचा पटका धरून चालावं लागतं, आणि एका वाडीला मारलेली हाक दुसऱ्याच वाडीला जाऊन पोचते. त्या दिवशी मात्र ऊन कोवळं, आभाळ घासून ठेवलेल्या ताटासारखं, आणि गवताची काडी हलत नव्हती. लांब कुणी खोकलं तरी कानाशी खोकल्यासारखं वाटावं.

"मग? आता तरी म्हणाल का मिस्त्री?" केरबानं पुन्हा विचारलं.

बाबालाल वस्ताद उंबऱ्यात बसून चहा बशीत ओतत होते. त्यांनी बशी फुंकली. 

जीपचं काम केरबाला त्यांनीच शिकवलेलं. आता त्याची स्वतःची शेड होती, ती वस्तादांच्या घराच्या भिंतीला भिंत लावून. म्हणजे गुरूही तेच आणि शेजारीही तेच. पाना पडला तरी त्यांना ऐकू जायचं.

शेडच्या दारात जीप उभी होती. जुनी, पेट्रोलवरची. कितीतरी पावसाळे ती करवंदीच्या जाळीत पडून होती. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. केरबानं ती ओढून आणली तेव्हा वाडी हसली होती. "केरबा, आमलेटाची गाडी काढतोस काय रं?" असं पोरंसोरंसुद्धा विचारायची.

आता कुणी हसत नव्हतं. आता ती गाडी अशी चकाकत होती, की आंघोळ घातलेली म्हैस तिच्यापुढं मळकी दिसावी.

मागच्या बाकावर केरबाची आई हौसाबाई केव्हाची येऊन बसली होती. ठेवणीतलं हिरवं लुगडं, मांडीवर पिशवी, आणि मान ताठ. घरोघरी सांगून आली होती, माझ्या लेकानं मेलेली जीप उठवली, आज मी पहिली उतरणार.

कारण त्या घाटात एक रीत होती.

वाडीची वाट म्हणजे तांबडी माती, धोंडे, आणि पुढं कड्याच्या अंगानं उतरणारा घाट. तिथं जुन्या जीपाच चालायच्या, आणि त्या चालायच्या ब्रेकच्या भरवशावर. म्हणून ज्यानं ब्रेकचं काम केलं, त्याच्या घरचं माणूस पहिल्या फेरीला मागं बसायचं. ती फेरी झाल्याशिवाय दुसरं कुणी गाडीत पाय ठेवत नसे. आणि ती फेरी झाल्याशिवाय कुणाला मिस्त्री म्हणत नसत.

वस्तादांची रीत त्याहून वेगळी. हात थकले, काम सुटलं, तेव्हापासून ते जीपनं घाट उतरलेच नव्हते. दुसऱ्यानं बांधलेल्या ब्रेकवर ते बसत नसत. बाजाराला जायचं तर काठी टेकत पायी. वाटेत जीपवाले थांबायचे, बसा वस्ताद म्हणायचे. ते म्हणायचे, "जा रे बाबांनो. मला झाडं बघायचीत."

"काय काय केलंस हिला?" वस्तादांनी विचारलं.

केरबा त्याचीच वाट बघत होता. "ब्रेकचे लायनर नवे टाकले. ब्रेकचं ऑइल नवं. चारी चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली. प्लग बदलले, कार्बोरेटर खोलून धुतला. आणि रंग तर तुम्हाला दिसतोयच."

"दिसतोय."

"बॉनेट उघडून बघा की. आतसुद्धा मळ सापडायचा न्हाई."

वस्तादांनी एक घोट घेतला. "तू काय केलंस ते सांगितलंस. ती काय म्हणाली?"

"कोण?"

"जीप."

केरबा हसला. "ती काय म्हणणार, वस्ताद?"

"ब्रेक कसा लागतो?"

"लागतो की. पाय जरा जोरानं द्यावा लागतो. लायनर नवे हायत, बसतील चार दिवसांत."

"आणि उभी असताना थरथरायची ती?"

"ते काढलं." केरबानं छाती पुढं केली. "ऐका आता."

त्यानं चावी फिरवली. जीप अशी गरजली की छपरावरची कबुतरं उडाली. मागं हौसाबाईनं पदर सावरला आणि वस्तादांकडं बघितलं, बघा म्हणून.

वस्ताद उठले. घरातनं फुलपात्र भरून पाणी आणलं आणि बॉनेटवर ठेवलं. पाण्यावर बारीक वलयं उठत होती, पण थेंब सांडत नव्हता. केरबाच्या ओठावर हसू आलं.

"हिला एवढं ओरडायला कुणी लावलंय?" वस्ताद म्हणाले.

केरबाचे कान तापले.

कार्बोरेटरवरचा स्क्रू त्यानंच पिळून वर चढवला होता. इंजिन जोरात फिरत राहिलं की थरथर जाणवत नाही. पळणाऱ्या माणसाचं लंगडणं कुठं दिसतं? तसंच ते.

"उतरव."

केरबानं स्क्रू उतरवला.

गरजणं खाली आलं, आणखी खाली आलं... आणि जीप हुडहुडायला लागली. बॉनेट हललं, आरसे हलले. फुलपात्र टुणटुणत कडेपर्यंत चालत गेलं आणि खाली पडलं.

"अगं बया!" हौसाबाई म्हणाली. "हिला काय हिवताप आलाय?"

"आई, गप."

"मी गप बसीन. पण माझे दात वाजायलेत त्याचं काय?"

"ब्रेक दाब," वस्ताद म्हणाले.

केरबा आत बसला. पेडल दगडासारखं होतं. त्यानं सगळा भार दिला. तसं इंजिन गचकलं, दोनदा आवंढा गिळल्यासारखं केलं, आणि बंद पडलं.

 केरबानं पेडलवरनं पाय काढला.

"दोन दुखणी हायत, वस्ताद," केरबा हळूच म्हणाला. "एकेक करून काढतो. आधी इंजिनाचं बघतो, मग..."

"दोन?"

"दोनच की. इंजिन पुढं. ब्रेक चाकात. पाय म्या ब्रेकवर दिला, त्यात इंजिनाचा काय संबंध?"

वस्तादांनी शेडच्या दारातल्या जॅककडं बोट केलं.

"तो जॅक उचल."

केरबानं जॅक एका हातानं उचलला. जॅक चांगला जड होता, आणि तो एका हातानं उचलल्याचं आईनं बघितलं याची त्यानं खात्री करून घेतली.

"ठेव. आता तोंड मीट."

केरबानं तोंड मिटलं. वस्ताद जवळ आले आणि दोन बोटांनी त्याचं नाक दाबून धरलं.

"उचल. आणि धरून उभा राहा."

केरबानं जॅक उचलला. उभा राहिला. डोळे मोठे झाले. चेहरा तांबडा, मग जांभळट. दंड थरथरायला लागला. वस्तादांची बोटं हलली नाहीत...

जॅक धप्पकन मातीत पडला.

"अहो भाऊ!" हौसाबाई ओरडली. "एकुलतं एक पोर हाय माझं. मारता काय?"

वस्तादांनी नाक सोडलं. केरबा धापा टाकत होता.

"हाताला काय झालं तुझ्या?" वस्तादांनी विचारलं.

"हाताला काय व्हायचंय? हात चांगला हाय. दमच न्हाई मिळाला तर..."

तो थांबला.

वस्ताद परत उंबऱ्यात जाऊन बसले. बशीतला चहा निवला होता. तो त्यांनी तसाच प्यायला.

केरबानं जॅककडं बघितलं. मग जीपकडं बघितलं. मग पुन्हा आपल्या हाताकडं.

त्यानं स्क्रू चढवला नाही. तशीच, हुडहुडतीच गाडी चालू केली, आणि बॉनेट उघडून नुसता उभा राहिला. हातात पाना घेतला नाही.

"आई, पिशवी वाजवू नको."

"न्हाई वाजवत."

त्यानं डोळे मिटले. इतके दिवस त्यानं या गाडीवर हात चालवला होता. कान आज पहिल्यांदा दिला. इंजिनाचा धडधडाट होता, सैल पत्र्याचा खुळखुळाट होता. आणि त्यांच्याखाली, अगदी खाली, एक बारीक आवाज होता. पाचोळ्यात फुरसं अंग घासतं ना, तसा. स्स्स... वारं असतं तर तो कुणाला ऐकू आला नसता.

इंजिन श्वास आत ओढतं. त्या ओढीतला थोडा वाटा एका जाड रबरी पाइपातनं मागच्या गोल डब्याला जातो. त्या डब्याला बूस्टर म्हणतात. चालवणाऱ्याच्या पायाला जोर मिळतो तो तिथनं. हे केरबाला ठाऊक होतं. शिकवलेलं होतं, पाठ होतं.

पाइप जिथं वळतो तिथं त्यानं अंगठा दाबला.

आवाज थांबला. इंजिनाचं लंगडणंही थांबलं.

अंगठा काढला. पुन्हा स्स्स, पुन्हा हुडहुडी.

पुन्हा दाबला... आणि अंगठा तसाच धरून तो कितीतरी वेळ उभा राहिला. तापलेल्या रबरानं बोट पोळत होतं, तरी काढवत नव्हतं.

मग त्यानं गाडी बंद केली आणि नखानं पाइपावरचा रंग खरवडला. काळा, चकचकीत रंग. इंजिनात एकही वस्तू मळकी दिसू नये म्हणून त्यानं पाइपालासुद्धा हात फिरवला होता. रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली वाळलेल्या ओठासारखी चीर दिसली.

"सापडलं व्हय रं?" आईनं विचारलं.

"सापडलं."

"कुणी केलतं?"

"चीर जुनी हाय," केरबा म्हणाला. "झाकली म्या."

वस्ताद बिडी शोधत होते. त्यांना ती सापडत नव्हती.

केरबाच्या फळीवर त्याच जाडीचा नवा पाइप होता. त्यानं तो मापानं कापला, बसवला, दोन्हीकडनं पट्ट्या आवळल्या. रंग लावला नाही. मग इंजिन बंद असतानाच त्यानं पेडल पुन्हा पुन्हा मारलं, दगड होईपर्यंत. पाय तसाच दाबून धरला आणि चावी फिरवली.

इंजिन सुरू झालं, आणि पायाखालचं पेडल आपसूक थोडं खाली बसलं. दूध काढताना अडून उभी राहिलेली म्हैस शेवटी अंग सैल सोडते, तसं.

 हे वस्तादांनी त्याला शिकवलं होतं, पण पायाला कळलं ते आत्ता.

त्यानं स्वतःच फुलपात्र उचललं, धुतलं, भरलं, बॉनेटवर ठेवलं. जीप हळू, समाधानानं गुरगुरत होती. पाण्यात आभाळ दिसत होतं.

"आई, जरा उतर."

आईला खाली उतरवून तो देवळाच्या उतारावर गेला. उतारावरनं सोडायची, दाबायची. सोडायची, दाबायची. सुट्या खडीवर, मग मातीच्या चाकोरीत, मग जिथं उतार अंगावर येतो तिथं. पाय नुसता टेकवला की गाडी थांबायची. तो परत आला तेव्हा फुफाट्यानं जीप तांबडी झाली होती, आणि त्याचं तिकडं लक्षही नव्हतं.

हौसाबाई पिशवी घेऊन चढायला पुढं झाली. केरबानं तिचा दंड धरला.

"थांब, आई."

"आता काय?"

"आधी मी एकटा खाली जाऊन येतो."

हौसाबाईनं दंड सोडवून घेतला. "सकाळी तर मला बोटाला धरून बसवलंस. तवा काय मी कमी वजनाची होते?"

"सकाळी मला सगळं येत होतं," केरबा म्हणाला.

"आन आता?"

केरबा पोळलेला अंगठा चोळत राहिला.

"लोक काय म्हणतील? घरचं माणूस न बसवता उतरला, तर मिस्त्री म्हणायचं न्हाईत तुला. मी सगळ्या वाडीला सांगून आलेय!"

"न्हाई म्हणू देत. घाटात म्हातारीच्या वळणाखाली सरळ दरी हाय, तुलाबी ठाऊक हाय. एकदा मी जातो, वरनं खालपतोर दाबून बघतो, परत येतो. मग तू बस."

"माझ्या लेकानं बांधलाय ब्रेक!" ती म्हणाली. मान ताठच होती. "मी बसणार. तू कोण अडवणार?"

"आई..."

तेवढ्यात वस्ताद उठले.

त्यांनी बशी पालथी घातली. दाराला कडी लावली. खांद्यावर टॉवेल टाकला, काठी घेतली आणि वाटेला लागले. आज बाजाराचा दिवस होता. केरबाला वाटलं, निघाले. आता घाटातनं पायी जातील, आणि मी विचारलेलं तसंच राहणार.

वस्ताद जीपपाशी आले.

काठी त्यांनी मागं आत टाकली.

"चढा, वहिनी," ते म्हणाले, आणि हौसाबाईला हात दिला. ती चढली. मग दांडीला धरून, एक गुडघा टेकत, कण्हत, तेही चढले आणि तिच्या समोरच्या बाकावर बसले.

केरबा खालीच उभा होता. तो बाकाखाली आडव्या पडलेल्या काठीकडं बघत होता.

"वस्ताद... तुम्ही?"

वस्तादांनी पाय लांब केले. पाठ टेकवली. खांद्यावरचा टॉवेल काढून तोंडावर घेतला.

"घाट उतरला की उठव मला."