वाळूबाचे पाय भाजले

दूर दूर वाळवंट होतं. जिकडे बघावं तिकडे वाळूच वाळू. तिथे राहायचा एक सरडा. नाव त्याचं वाळूबा. शेपटी काटेरी, पोट गुबगुबीत, आणि वाळूखाली छान गार बीळ.

एकदा काय झालं, वाळूबा गेला पिवळं फूल खायला. फूल खाल्लं, मटामट. परत आला, तर बिळाचं दारच दिसेना. दारावर उंट बसलेला, डोळे मिटून, रवंथ करत.

ऊन तापलं. वाळू तापली. चट चट, चट चट. हा पाय वर, तो पाय वर.

वाळूबा म्हणाला, "उंटदादा, उंटदादा, ऊठ ना.
दार उघडत नाही, माझे पाय भाजतात."

उंट म्हणाला, "ऊंऽऽ. माझ्या पायात काटा रुतलाय. काटा निघेल, तर उंट उठेल."

वाळूबा निघाला, सुर्र सुर्र. शमीच्या झाडावर कावळा होता.

"कावळेभाऊ, कावळेभाऊ, काटा काढ ना.
काटा निघत नाही, उंट उठत नाही.
उंट उठत नाही, दार उघडत नाही.
दार उघडत नाही, माझे पाय भाजतात."

कावळा म्हणाला, "काऽव. माझी चोच सुकलीय. पाणी मिळेल, तर काटा निघेल."

वाळूबा निघाला, सुर्र सुर्र. विहिरीपाशी, सावलीत, गवरामावशी बसली होती. मांडीवर तिचं बाळ.

"मावशी, मावशी, पाणी काढ ना.
पाणी मिळत नाही, काटा निघत नाही.
काटा निघत नाही, उंट उठत नाही.
उंट उठत नाही, दार उघडत नाही.
दार उघडत नाही, माझे पाय भाजतात."

मावशी म्हणाली, "कसं काढू रे बाबा? खाली ठेवलं की हे आणखीच रडतं. बाळ हसेल, तर पाणी मिळेल."

बाळ रडत होतं, ट्यॅहां ट्यॅहां. मावशी सावलीत, बाळ सावलीत. वाळूबा बिचारा उन्हात.

"बाळा, बाळा, हास ना.
बाळ हसत नाही, पाणी मिळत नाही.
पाणी मिळत नाही, काटा निघत नाही.
काटा निघत नाही, उंट उठत नाही.
उंट उठत नाही, दार उघडत नाही.
दार उघडत नाही, माझे पाय भाजतात."

बाळाला काय कळतंय? ट्यॅहां ट्यॅहां.

आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं. वाळूबाला रडू आलं. पण रडायला उभं तर राहता आलं पाहिजे. चट चट, चट चट. हा पाय वर, तो पाय वर. शेपटी इकडे, शेपटी तिकडे.

बाळ गप्प झालं. बाळानं टक लावून पाहिलं. चट चट, हा पाय वर. चट चट, तो पाय वर.

आणि बाळ हसलं, खुदुखुदु.

"मी भाजतोय, आणि हा हसतोय," वाळूबा पुटपुटला. पण मावशी केव्हाच उठली होती.

बाळ हसलं, पाणी मिळालं. खळ्ळ खळ्ळ.
पाणी मिळालं, काटा निघाला. उपक्.
काटा निघाला, उंट उठला. हुश्श.
उंट उठला, दार उघडलं.

वाळूबा आत शिरला, सुर्र सुर्र. शेपटीनं वाळू लोटली, दार लावून घेतलं. मग एक, दोन, तीन, चार, सगळे पाय एकदम खाली टेकले. गार, गार, गार.

बाहेर ऊन, आत थारा,
गोष्ट संपली, पाय पसरा.