उपासांची आळी

एकदा एका नगरीत एक वृद्ध आचार्य राहत. नगराच्या धान्यकोठाराची किल्ली राजाने त्यांच्या स्वाधीन केली होती. त्या वर्षी सूत पुरवणारा व्यापारी परमुलखात निघून गेला आणि विणकर आळीतले माग बंद पडू लागल्याचे आचार्यांच्या कानावर आले. आळीत किती हात रिकामे आणि किती घरांत अन्न अपुरे, याचा अंदाज घ्यायला त्यांनी आपला शिष्य पाठवला. त्याच्या अंदाजावरच धान्य कुठे जायचे ते ठरणार होते.

शिष्य हुशार होता. हुशार माणसाला स्वतःविषयी शंका जरा कमीच येतात. त्यालाही आल्या नाहीत. दारोदार उभा राहून तो खणखणीत आवाजात विचारी, "हाताला काम आहे ना? जेवणं झाली का?" घरोघरी उत्तर एकच, "काम आहे की. जेवणं आत्ताच झाली." काही घरांत चूल थंड दिसली, तेव्हा त्याने कारण विचारले. शेवटच्या घरातली सगुणा कडेवरचे मूल सावरत म्हणाली, "उपास आहे आज. सोळा सोमवार धरलेत." शेजारणीचाही उपास होता, तिच्या सासूचाही. शिष्याने परत येऊन सांगितले, "विसांत एखादे घर अडचणीत असेल. बाकी आळी मोठी धार्मिक आहे."

आचार्यांनी कोठारातल्या धान्याच्या गाड्या नदीपलीकडच्या टंचाई असलेल्या गावाला रवाना केल्या. पण एकाच आळीत एवढे उपास, ही गोष्ट त्यांच्या मनातून जाईना. पुढच्या सोमवारी आश्रमातले उरलेसुरले डाळतांदूळ घेऊन ते आळीच्या चौकात गेले, चूल मांडली आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, "आज माझ्या व्रताचे उद्यापन आहे. ज्यांचा उपास असेल त्यांनीच पंगतीला बसावे, नाहीतर माझे व्रत फळणार नाही."

शिष्य गोंधळला. आचार्यांनी जन्मात कधी व्रत धरले नव्हते आणि ते खोटे बोललेले तो प्रथमच ऐकत होता.

भर दुपारी पंगत बसली. सोमवारचा उपास संध्याकाळी सुटतो, पण सूर्याकडे कोणी पाहिले नाही. बायका आल्या, पुरुष आले, ज्यांना उपास म्हणजे काय ते ठाऊक नव्हते अशी पोरेही आली. खिचडी वाढता वाढता शिष्य एका म्हाताऱ्या विणकरापाशी थबकला.

"आजोबा, आज मागावर बसला नाहीत?"

"सूत कुठंय, बाबा? संक्रांतीपासनं माग झाकून ठेवलाय."

"मग त्या दिवशी मला..."

"तू दारात विचारलंस. समोरच्या घरात आमच्या नातीची सोयरीक चाललीय." म्हातारा पुन्हा जेवू लागला.

सगुणा मात्र दिसेना. तिच्या दाराला कडी होती. शेजारीण म्हणाली, "काल पहाटेच गेली ती माणसं. कुठं, ते सांगितलं नाही. पोराच्या अंगात ताप होता."

शिष्य तिथेच पायरीवर बसला. आचार्य त्याच्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "तू जे ऐकलेस तेच सांगितलेस, खोटे काही सांगितले नाहीस. पण ज्याच्या घरात दाणा नसतो, तो आधी ते शेजाऱ्यापासून झाकतो. त्याच्याच दारात उभे राहून तू मोठ्याने विचारलेस, मग त्याने दुसरे काय सांगावे? आज मी त्यांना खरे बोलायला लावले नाही. मान खाली न घालता जेवता येईल अशी एक सबब तेवढी दिली. हे तुला पाठवण्यापूर्वी सांगायचे माझ्याकडून राहिले, आणि गाड्या आता परत येणार नाहीत."

पंगत उठल्यावर शिष्याने पातेल्याच्या तळाची खिचडी एका पत्रावळीवर काढली आणि सगुणाच्या उंबऱ्यावर झाकून ठेवली. त्या खिचडीचा आता उपयोग नाही, हे त्यालाही कळत होते.

पुढे कोठाराची किल्ली त्याच्याकडे आली. गणतीला निघालेल्या माणसांना तो एवढेच सांगे, "आधी जेवायला बसवा, मग विचारा."