नळाखालचे हात

“बाई, तुम्हीच सांगा, यात माझी काय चूक?”

सायकल भिंतीला टेकवायच्या आधीच हणमंत खोमणेनं तोंड उघडलं होतं. अंगणात गोदाबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांची उभी हयात शाळेत गेलेली. पहिलीत हणमंताचा हात धरून त्याला पाटीवर गिरवायला त्यांनीच शिकवलं होतं. आता तोही गुरुजी झालेला, चार कोसांवरच्या वस्तीच्या शाळेत.

“बस,” बाई म्हणाल्या.

तो बसला नाही. खिशातून दोन कागद काढून त्यानं त्यांच्यापुढे आपटले.

“एकाच टपालात आलेत. हा आधी वाचा.”

बाईंनी चष्मा लावला. ‘हात धुवा’ दिनाला पाठवलेल्या, नळाखाली हात धरलेल्या पोरांच्या फोटोला तालुक्यात पहिला नंबर. शनिवारी गुरुजींचा सत्कार.

“आता हा.”

शाळेला पाणी द्या, म्हणून हणमंतानं केलेला अर्ज निकाली काढला होता. ‘आपल्या शाळेतील नळास पाणी असल्याचे छायाचित्रावरून दिसून येते.’

“आणि छायाचित्र कुठलं? तर तेच!” हणमंताचा आवाज चिरकला. “फेब्रुवारीपासून नळाला थेंब नाही, बाई. दोन अर्जांकडं कुणी ढुंकून बघितलं नाही, तिसऱ्याला हे उत्तर! त्या दिवशी माझा भागाकार चाललेला. अकरा वाजता मोबाइलवर साहेबाचा हुकूम... आत्ताच्या आत्ता फोटो पाठवा, नाहीतर नोटीस. पाठवला! हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी!”

“यातला संन्यासी कोण रे? तू?”

हणमंताच्या ते कानावरूनच गेलं. तसं रागवायला कारण होतंच. तेवीस पोरं घरून बाटल्या आणायची, दुपारच्या आत त्या संपायच्या आणि मग वर्गात माना टाकून बसायची. असल्या शाळेच्या नळाचा सत्कार म्हणजे निर्लज्जपणाची कमाल झाली. हणमंतानं साहेबापासून पंचायत समितीपर्यंत एकालाही सोडलं नाही.

बोलून बोलून घशाला कोरड पडली. एवढ्या उन्हातून आलेल्या माणसाला बाईंनी अजून पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. असं कधी झालं नव्हतं.

“बाई, जरा पाणी...”

बाई उठल्या. आतून तांब्या घेऊन आल्या.

“धर ओंजळ.”

त्यानं ओंजळ तोंडाशी नेली. बाईंनी तांब्या तिरका केला, मग पार उपडा केला. काही पडलं नाही.

बाई तशाच उभ्या राहिल्या. हणमंतही ओंजळ धरून तसाच...

“असेच धरले होते ना पोरांनी हात?”

त्यानं ओंजळीकडं बघत मान हलवली.

“एकानंही काही विचारलं नाही?”

“रुक्मीनं विचारलं. ‘गुरुजी, पाणी कधी येणार?’”

“मग? तू काय म्हणालास?”

“‘हस,’ म्हणालो.”

बाईंनी तांब्या दणकन खाली ठेवला. एवढ्या संतापलेल्या बाई त्यानं लहानपणीही पाहिल्या नव्हत्या.

“साहेबानं तुला खोटं करायला लावलं, त्याची लाज त्याच्यापाशी. रुक्मीला कुणी लावलं?”

हणमंताची मान खाली गेली.

“मग मी काय करू, बाई? सत्काराला जाऊ? का हे कागद नेऊन त्यांच्या तोंडावर फेकू?”

बाईंनी दोन्ही कागदांची नीट घडी घातली आणि त्याच्या कोरड्या ओंजळीत ठेवली.

“उद्या हे रुक्मीला भर वर्गात मोठ्यानं वाचायला दे. ती सांगेल तसं कर.”

“नऊ वर्षांची पोर आहे ती, बाई. तिला काय...”

“वाचता येतं ना तिला?”

“येतं की. घडाघडा वाचते.”

“कुणी शिकवलं?”