चुरचुरी म्हणते, "येते हं!"

शर्वू, पाय गोधडीच्या आत घे. आणि तू रे, तिला ढकलू नकोस. ऐका.

एकदा काय झालं, एका राजाच्या मुलीचं लग्न ठरलं. राजाला खिरीची भारी आवड. त्यानं दवंडी पिटवली, लग्नाला हातशेवयांची खीर होणार, पण शेवई अखंड हवी. त्या राज्यात लग्नातली तुटकी शेवई अशुभ मानायचे, बरं का. एक जरी तुटकी निघाली, तर त्या घराचं काम कायमचं बंद.

गावात शेवया करणारं घर एकच. त्यात दोन जावा. थोरली भिवरा नि धाकटी तानू. वीस वर्षं भिवराच्या हातच्या शेवया राजाकडे जात होत्या. मग तानू लग्न होऊन आली, आणि तिची शेवई निघाली केसासारखी बारीक. झालं! जो येईल तो म्हणे, "अगबाई, तानूचा हात बघा!" भिवराला कुणी विचारीना. मग ती जळायला लागली. तानू हसली तरी जळायची, तानू शिंकली तरी जळायची.

आणि एका सकाळी तिच्या छातीत काहीतरी चुरचुरलं. हात धड चालेना. शेवई ओढली की तुटली, ओढली की तुटली. लग्न आठ दिवसांवर! भिवरा शेवयांच्या पाटावर डोकं टेकून रडली.

मग पाट बोलला. हसताय काय? वीस वर्षं तिचं रडगाणं ऐकत होता बिचारा. म्हणाला, "बाई, नाकानं श्वास घे, मनात चार मोज. तोंडानं सोड, आठ मोज." भिवरानं तसं केलं. एकदा, दोनदा, दहादा. तर तिच्या कानातून लिंबाएवढी एक लाल बाई बाहेर पडली. डोक्यावर पदर, कपाळाला आठ्या. "मी चुरचुरी," म्हणाली. "येते हं!" आणि खिडकीतून गेली. भिवराचा हात पुन्हा चालू लागला. शेवया सरसर निघाल्या.

दुपारी शेजारीण येऊन तानूचं कौतुक करून गेली. चुरचुरी परत हजर! पाट म्हणाला, "विहिरीपर्यंत झपाझप चाल. पायावर गार पाणी घे." भिवरा गेली, पाणी घेतलं. चुरचुरी कानातून उतरली. "येते हं!"

दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "तानू, तुझ्या हाताची दृष्ट काढायला हवी गं." मग काय, चुरचुरी पुन्हा छातीत. पाट म्हणाला, "तुझं जे जे बरं आहे, ते बोटांवर मोज." भिवरानं मोजलं. नवरा गरीब स्वभावाचा. गाय दुभती. दात सगळे जागेवर. चुरचुरी निघाली. "येते हं!"

आता मात्र भिवराचं टाळकं सटकलं. "येते येते काय म्हणतेस मेले? जाते म्हण!"

चुरचुरीनं तोंडावर हात ठेवला. "अगबाई! कुणाच्या घरातून निघताना 'जाते' म्हणतात का? मला काय रीतभात नाही?"

कळलं का? आपण सगळे निघताना 'येते' म्हणतो, आणि ही बया शब्दाची पक्की. म्हणाली की यायचीच!

भिवरानं पाटाकडे बघितलं. पाट म्हणाला, "श्वासानं, पाण्यानं ती अंगणापर्यंत जाईल. पण ती येते कशाला, ते तू कधी विचारलंस?"

मग भिवरानं विचारलं. चुरचुरी म्हणाली, "तुला तानूसारखी बारीक शेवई ओढायला शिकायचंय. पण थोरलीनं धाकटीला विचारायचं कसं, म्हणून गप्प बसतेस. तू गप्प, म्हणून मी चुरचुरते."

भिवराचा चेहरा उतरला. खरंच होतं ते. मोठ्या माणसाला लहानाकडून शिकायची फार लाज वाटते रे बाळांनो. पण ती उठली. तानूपुढे जाऊन बसली.

"तानू, मी तुझ्यावर जळते गं," म्हणाली. "मला शिकव."

तानूचे डोळे भरले. "जाऊबाई, माझी शेवई दिसते छान, पण दुधात विरघळते. लोक नुसती बघून जातात. तुमची उकळी सोसते, तसं पीठ मळणं मला जमत नाही. मी या घरात आल्यापासून तुमच्यावर जळतेय!"

आणि तिच्या कानातून एक हिरवी चुरचुरी बाहेर पडली! लाल नि हिरवी एकमेकींकडे बघत राहिल्या, एकदम "येते हं!" म्हणाल्या आणि बोलत बोलत अंगणात गेल्या.

मग भिवरानं पीठ मळलं, तानूनं शेवया ओढल्या. लग्नात एकही शेवई तुटली नाही. राजानं तीन वाट्या खीर खाल्ली. चुरचुऱ्या अजून अधूनमधून येतात त्या घरी, नाही असं नाही. पण आल्या की जावा आधी दमानं श्वास घेतात आणि मग एकमेकींना सांगून टाकतात. अशा त्या सुखात राहिल्या.

काय बघताय माझ्याकडे? झोपा आता. आणि सकाळी मला कोरेगावला फोन लावून द्या. माझ्या जाऊबाईंना एक गोष्ट सांगायची राहिलीय, चाळीस वर्षं झाली.